थ्री नॉट थ्रीच्या सावलीतलं काडतूस

मुंबईकराला काडतुसाचं एक नाव तोंडपाठ असतं, ते म्हणजे थ्री नॉट थ्री. ते त्याला शिकारीच्या गोष्टींतून कळलेलं नाही, शहराच्या इतिहासातून कळलेलं आहे. फेब्रुवारी १९४६मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा देण्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं, तेव्हा शहरात आलेल्या ब्रिटिश सैनिकांचं नेहमीचं हत्यार .३०३ची ली-एनफिल्ड रायफल हेच होतं. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मारली गेली. परळच्या कमल दोंदे त्यांपैकी एक. राज्य बदललं, पण रायफल बदलली नाही. पुढची साठेक वर्षं ती पोलिसांच्या खांद्यावर राहिली, आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या दोघांसमोर आपल्या शिपायांकडे जी मोजकी हत्यारं होती, त्यांतही तीच होती. या सर्वपरिचित काडतुसाच्या सावलीत दुसरं एक काडतूस शंभरेक वर्षं वाढत आलं आहे. कागदोपत्री ते .३१५ बोअर, पोलिसांच्या पंचनाम्यात पुष्कळदा ‘आठ एमएम’. जगातल्या बहुतेक शिकाऱ्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं, आणि भारतात मात्र परवान्यावर मिळणाऱ्या रायफलींमध्ये त्याच्याइतकं रुळलेलं काडतूस दुसरं नाही. असं का झालं याची उत्तरं बहुधा गोळीचं वजन आणि वेग यांत शोधली जातात. माझ्या मते ती तिथे सापडणार नाहीत. काडतूस रुजतं ते कायदा, कारखाना आणि दुकान या तिघांच्या जोरावर, आणि .३१५ इतका स्पष्ट पुरावा त्याला दुसरा नाही.

आधी या दोन काडतुसांची कुळी पाहू. .३०३ हे ब्रिटिश सैन्याचं काडतूस १८८०च्या दशकाच्या अखेरीस आलं. सुरुवातीला त्यात काळी दारू होती. १८९१च्या सुमारास धूर न करणारी कॉर्डाइट आली, आणि १९१०मध्ये टोकदार गोळीचा ‘मार्क सात’ हा प्रकार ठरला. तोच दोन्ही महायुद्धांत वापरला गेला. .३१५ची मुळं मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीत आहेत. तिथल्या सैन्यासाठी मानलिखर रायफलीचं ८ मिलिमीटर व्यासाचं, ५० मिलिमीटर लांब पुंगळीचं काडतूस १८९०च्या सुमारास तयार झालं, आणि पहिल्या महायुद्धात ते साम्राज्य कोसळल्यावर युरोपात त्याचे दिवसही हळूहळू भरले. ते हिंदुस्थानात टिकलं याचं कारण त्याच्या बुडाशी असलेल्या काठात आहे. .३०३च्या पुंगळीलाही असाच बाहेर आलेला काठ असतो आणि दोन्हींची मापं एकमेकांच्या जवळची आहेत. त्यामुळे ली-एनफिल्डचं यंत्र फारसं न बदलता, फक्त नळी आणि गोळीचं घर वेगळं करून, तीच रायफल .३१५मध्ये बनवता येत होती. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने तशा रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनवल्या. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात .३१५ची स्पोर्टिंग रायफल निघू लागली, तीही ली-एनफिल्डचंच यंत्र घेऊन. रायफल तीच ठेवून काडतूस तेवढं बदलण्याचा हा खटाटोप कुणाही शिकाऱ्याने मागितलेला नव्हता. सैन्याच्या काडतुसावर सामान्य माणसाला बंदी होती, म्हणून तो करावा लागला.

ही बंदी नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. १८५७च्या आठवणीतून आणि वायव्य सरहद्दीवरच्या लढायांच्या अनुभवातून इंग्रज सरकारने एक धडा घेतला होता. सैन्याकडे असलेलं काडतूस प्रजेच्या बंदुकीत बसता कामा नये. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची मनाई केली, युरोपियनांना मात्र त्यातून मोकळं ठेवलं. त्या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने वर्षानुवर्षं ठराव केले, आणि १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातला. पण सैन्याच्या बोअरवरची बंदी हा वेगळा धागा आहे. तिचा जाच गोऱ्या शिकाऱ्यांनाही झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली, कारण त्याच बोअरच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्या बोअरचा दारूगोळा त्यांच्यापर्यंत पोचू नये असं सरकारला वाटत होतं. वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी .४५०च्या दुनळ्या विकणारे लंडनचे बंदूककार त्यामुळे अडचणीत आले. त्यांनी काय केलं? गोळीची जाडी केसभर वाढवली. .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसं १९०७च्या आगेमागे बाजारात आली. शक्तीच्या बाबतीत ती .४५०च्या बरोबरीची होती, फक्त बंदीच्या शब्दांत बसत नव्हती. बंदी कधीच इतिहासजमा झाली, पण आज आफ्रिकेत मोठ्या जनावरासाठी दुनळी घेऊन जाणाऱ्याच्या हाती बहुधा .४७० दिसते. हिंदुस्थानातल्या एका सरकारी आदेशाने आफ्रिकेच्या जंगलातली आवड ठरवली, ती अशी.

.३१५ ही त्याच इतिहासातली अधिक गरीब, अधिक चिवट शाखा आहे. मुंबई हे विलायती बंदुकांच्या वाटेवरचं मोठं बंदर होतं. काळा घोड्याजवळ आजही उभ्या असलेल्या आर्मी अँड नेव्ही इमारतीतल्या दुकानातून साहेबाला चहाच्या भांड्यांपासून शिकारीच्या साहित्यापर्यंत सारं मिळे. भायखळ्याच्या संग्रहालयात १८८३मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीचे सभासद अभ्यासक होते तसेच शिकारीही होते, आणि तिचा नमुन्यांचा संग्रह बऱ्याच अंशी बंदुकीच्या जोरावर उभा राहिला. गिरगावच्या खेतवाडीत वाढलेल्या सलीम अलींची पक्षीशास्त्राशी गाठ पडली तीही एअरगनने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. या जगात .३१५ला प्रतिष्ठा नव्हती. तिथे रिग्बीची .२७५ होती, जी १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळाली. होलंड अँड होलंडची .३७५ होती. ज्याला हे परवडत नव्हतं आणि ज्याला .३०३ मिळत नव्हती, असा तालुक्याच्या गावचा जमीनदार, इनामदार, वकील, जंगलखात्याचा अधिकारी .३१५ घेई.

आता प्रत्यक्ष तुलना. भारतात मिळणाऱ्या .३१५ काडतुसात २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची मऊ टोकाची गोळी असते, आणि नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास असतो. .३०३च्या मार्क सात गोळीचं वजन १७४ ग्रेन, वेग ७४४ मीटर. गणित केलं तर दोघींची शक्ती तीन हजार जूलच्या आसपास येते. फरक उरतो तो एवढाच की एक जड आणि सावकाश जाते, दुसरी हलकी आणि वेगाने जाते. अमेरिकेचं .३०-०६, जे १९०६मध्ये सैन्यासाठी बनलं आणि नंतर जगातल्या सर्वांत लोकप्रिय शिकारी काडतुसांपैकी एक ठरलं, ते १८० ग्रेनच्या गोळीला ८२० मीटरच्या आसपास वेग देतं. त्याची शक्ती चार हजार जूलला टेकते. शंभर मीटरवर नेम बांधला तर दोनशे मीटरवर .३१५ची गोळी .३०-०६च्या मानाने साधारण दुपटीने खाली येते. मोकळ्या डोंगरउतारावर लांबून बकरा टिपणाऱ्याला हा फरक फार मोठा वाटेल. सह्याद्रीच्या रानात किंवा मेळघाटात मचाणावर बसून, किंवा हाक्याने उठलेलं सावज पन्नास-साठ पावलांवरून पाहणाऱ्याला तो जाणवतही नसे. तेवढ्या अंतरात जड, मऊ टोकाची, सावकाश गोळी आपलं काम चोख करते. शिकारीच्या दृष्टीने .३१५ सैन्याच्या .३०३पेक्षा एका बाबतीत उजवीच आहे. सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या आवरणात असते. १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरवल्या, आणि त्याला निमित्त होतं ते आपल्याच दमदमच्या कारखान्यातल्या गोळीचं. सैन्याची पूर्ण आवरणाची गोळी जनावराच्या अंगातून आरपार जाते आणि जखमी जनावर रानात तडफडत मरतं. मऊ टोकाची गोळी आत पसरते, जनावर लवकर मरतं. सैन्याचं काडतूस नाकारलं गेल्यामुळे भारतीय शिकाऱ्याला शिकारीसाठी बनवलेली गोळी मिळाली, हा बंदीचा एक अनपेक्षित फायदा म्हणावा लागेल.

तरीही .३१५ला उत्तम काडतूस म्हणणं खोटं होईल. ज्या देशांत सैन्याचं काडतूस लोकांना खुलं राहिलं, तिथे काय घडलं ते पाहिलं की आपलं वेगळेपण ठळक दिसतं. अमेरिकेत युद्धाहून परतलेल्या सैनिकाला ज्या रायफलीची सवय, तीच त्याने हरणामागे नेली. सैन्यातल्या जुन्या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या, आणि .३०-०६ घरोघरी पोचलं. तिथे सैन्य हीच शिकाऱ्याची शाळा होती. उलट, इटलीत २०२१पर्यंत सामान्य माणसाला सैन्याचं ९ बाय १९चं पिस्तुली काडतूस बाळगता येत नव्हतं, म्हणून पुंगळी दोन मिलिमीटरने लांब केलेलं ९ बाय २१ तिथे रूढ झालं. फ्रान्समध्येही २०१३पर्यंत सैन्याच्या काडतुसांवर कडक निर्बंध होते, आणि तिथल्या शिकाऱ्यांनी आपली वेगळी काडतुसं जोपासली. म्हणजे .३१५ हा भारताचा विक्षिप्तपणा नाही. सरकारने बोअरच्या नावावर बंदी घातली की बाजार त्या नावाला वळसा घालून दुसरं काडतूस घडवतो, हे सगळीकडे घडलं आहे.

स्वतंत्र भारताने ही बंदी मोडली नाही, ती आपलीशी केली. १९५९चा शस्त्र कायदा १९६२पासून अमलात आला, आणि त्याखालच्या नियमांनी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं सैन्याचं काडतूस ज्यात बसतं, अशी कोणतीही रायफल निषिद्ध गटात टाकली. .४१०ची मस्कट आणि पोलिसी पिस्तुलांची काडतुसंही त्याच गटात गेली. या नियमाचं टोक आजच्या काडतुसांना लावून पाहा. .३०८ विंचेस्टर हे ७.६२चंच नागरी भावंड, म्हणून ते निषिद्ध. .३०-०६ची गोळी अगदी त्याच व्यासाची, शक्ती थोडी जास्तच. पण पुंगळी ६३ मिलिमीटर लांब असल्यामुळे सैन्याचं ५१ मिलिमीटरचं काडतूस त्या रायफलीला जुळत नाही, म्हणून परवान्यावर मिळू शकतं. १९१२चं .३७५ होलंड अँड होलंड, जे हत्तीला पुरतं आणि ज्याची शक्ती साडेपाच हजार जूलच्याही वर जाते, तेही परवान्याच्या कक्षेत. म्हणजे नियम शक्तीला घाबरत नाही. तो फक्त सरकारी कोठारातलं काडतूस बाहेरच्या बंदुकीत बसेल का, एवढंच पाहतो. विलायती काडतुसं आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळ आणि महाग झाली, तेव्हा .३०-०६ किंवा .२७५ बाळगणाऱ्याची रायफल कपाटातच राहिली. .३१५ला मात्र सरकारी कारखान्यांचा आधार होता. १८६९मध्ये पुण्याजवळ खडकीला सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरं भारतातल्या असंख्य पुंगळ्यांच्या बुडावर दिसतात. लोकांनी .३१५ निवडलं असं म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. उरलं तेच घेतलं, हे जास्त खरं.

इथे सर्वांत भक्कम आक्षेप येतो आणि त्याला बगल देणं योग्य होणार नाही. बंदीचा हेतू शिकाऱ्याची सोय हा नव्हताच, सार्वजनिक सुरक्षितता हा होता. पोलिस ठाण्यातून किंवा छावणीतून चोरलेलं काडतूस कुणाच्याही रायफलीत बसू लागलं, तर शस्त्रागाराला गळती लागेल, आणि ती रोखायची तर बोअर वेगळा ठेवणं हाच सोपा मार्ग, असं हे म्हणणं आहे. तत्त्व म्हणून ते चुकीचं नाही. पण शंभर वर्षांच्या अनुभवावर ते घासून पाहायला हवं. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये गुन्हेगारीचं सर्वांत ओळखीचं हत्यार म्हणजे गावठी कट्टा, आणि तो कट्टा बहुधा कोणत्या बोअरचा असतो? .३१५चा, नाही तर बारा बोअरचा. कट्टा बनवणारा कारागीर बाजारात ज्या काडतुसाची आवक, त्याच मापाची नळी बनवतो. सरकारने .३०३ बंद ठेवून .३१५ खुलं केलं, आणि बेकायदा हत्यारही त्याच .३१५वर उभं राहिलं. आपल्याकडे गडचिरोलीत माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर पोलिस जप्त हत्यारांची यादी देतात, तिच्यात पोलिसांकडून लुटलेली .३०३, सैनिकी एसएलआर, आठ एमएमची रायफल, बारा बोअर आणि ठासणीची भरमार अशी नावं एकाच रांगेत दिसतात. बंदीने जी भिंत घालायची होती, तिच्या दोन्ही बाजूंची काडतुसं एकाच ढिगात येऊन पडलेली. कोठारातून होणारी गळती बोअर वेगळा ठेवून थांबत नाही. ज्याच्या हातून काडतूस जातं, त्याच्या नोंदवहीत ती थांबते.

दुसरा आक्षेप अधिक साधा आणि अधिक प्रामाणिक आहे. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर संपत गेली, मग शिकारीच्या काडतुसांची तुलना आज कशासाठी? मीही शिकार पुन्हा सुरू व्हावी असं कधीच म्हणणार नाही. वाघ-बिबट्याला गोळी घालण्याच्या प्रतिष्ठेपेक्षा ताडोबातला एक वाघ डोळ्यांनी पाहणं मोठं, आणि तो निर्णय या देशाने योग्य घेतला. पण कायदा केला म्हणून रायफली नाहीशा झाल्या नाहीत. रानडुक्कर आणि नीलगायीने उभं पीक लोळवलं की विदर्भातला शेतकरी आजही वनखात्याच्या दारात जातो. कायद्याच्या अकराव्या कलमात पिकाला धोका ठरणारं जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि परवानगी मिळाली तरी त्याच्या हाती काय असतं? ठासणीची बंदूक, नाही तर बारा बोअरचे छर्रे. त्यांनी डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि पोटात छर्रे घेऊन फिरणारं डुक्कर शेतावर काम करणाऱ्या बाईमाणसासाठी अधिक धोक्याचं. मारायचंच असेल, आणि ते अधिकृत माणसाच्या देखरेखीखाली मारायचं असेल, तर जड, मऊ टोकाची गोळी असलेलं काडतूस हे जनावरासाठीही अधिक दयेचं आहे. इथे .३१५चा खरा उपयोग अजून शिल्लक आहे, आणि त्याच्यावर बोलताना काडतुसाची शास्त्रीय माहिती असावी लागते. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर नेम धरणारी मुलं .२२ वापरतात, ते वेगळंच जग. त्यांच्या खेळाचा आणि या काडतुसांचा संबंध लावणं हा दोघांवरही अन्याय होईल.

तिसरं एक म्हणणं अधूनमधून ऐकू येतं, की .३०३सारखं नावाजलेलं काडतूस लोकांना खुलं करावं, आता तर पोलिसही ते सोडून देत आहेत. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताकदिनी .३०३ला निरोप दिला, आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महाराष्ट्रातही आधुनिक हत्यारांची खरेदी वाढली. या मागणीत भावना जास्त आणि विचार कमी आहे असं मला वाटतं. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या काडतुसाला आता नव्याने लोकांत आणून काय साधणार? शिकार नाही. पीकरक्षणाला .३१५ पुरतं. उलट .३०३चा जो साठा कोठारांत पडून आहे, तो मोजून नष्ट करणं हे अधिक गरजेचं काम आहे. माझा वाद .३०३साठी नाहीच. सरकार काय मोजतं आणि काय मोजत नाही, यावर तो आहे.

शस्त्र कायद्यातल्या डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच परवान्याची शस्त्रं ठेवता येतील असं ठरवलं, आणि बेकायदा शस्त्रांच्या शिक्षाही वाढवल्या. दोन्ही चांगल्या गोष्टी. पण या दुरुस्तीतही बोअरची जुनी विभागणी जशीच्या तशी राहिली. बोअरच्या नावावर सुरक्षितता उभी करण्याचा प्रयोग १९०७पासून झाला आहे, आणि त्याचं फळ .४७०च्या दुनळीपासून .३१५च्या कट्ट्यापर्यंत आपल्यासमोर आहे. त्याऐवजी बंदूक काम कशी करते, एका दमात किती गोळ्या सोडते, हे पाहून तिचा गट ठरवावा. काडतुसाची खोकी कारखान्यापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून परवानाधारकापर्यंत नगानिशी नोंदवावीत, आणि नवी काडतुसं देताना वापरलेल्या पुंगळ्या परत घ्याव्यात. .३१५ला याचा त्रास होणार नाही. ते साधं, मजबूत, आपल्या रानांच्या अंतरांना पुरेसं काडतूस आहे, आणि शेतकऱ्याच्या गरजेपुरतं ते राहावं. त्याची प्रत्येक पुंगळी कुठे गेली, हे खडकीच्या कारखान्यापासून तालुक्याच्या पोलिस ठाण्यापर्यंत कुणालातरी सांगता आलं पाहिजे. गृहखात्याने पुढच्या वेळी शस्त्रनियम हातात घेताना बोअरच्या यादीऐवजी आधी हे विचारात घ्यावं, एवढीच विनंती.